लेक नावाची आई

माझ्या आईचं नाव लेक होतं. तिच्या भाषेत लेक म्हणजे लहान, बारकी. बँकॉकच्या नदीपलीकडे एका कालव्याकाठी पाच भावंडांत ती शेवटची जन्मली, म्हणून घरच्यांनी हाक मारायला हे नाव ठेवलं. निकाहाच्या वेळी ती मरियम झाली, सगळ्या कागदांवर मरियम म्हणूनच लागली, पण अब्बांच्या जिभेवर लेक बसलं ते बसलंच. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस चारचौघांत स्वतःच्या बायकोला "लेक, जरा चहा ठेव गं" अशी हाक मारतो, हे ऐकून कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या कोकणी बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अब्बांना एवढ्या वर्षांत त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या कानाला ते बायकोचं नाव होतं, आणि आमच्या घरातली खरी लेक म्हणजे मीच. मला आई नू म्हणायची. रुकय्या हे माझं नाव तिच्या तोंडात कधी नीट बसलंच नाही. तिच्याकडे सगळ्याच लाडक्या मुलींना नू म्हणतात आणि नू म्हणजे उंदीर. मी तिला मॅ म्हणायचे, तिच्या भाषेत आईला तसंच म्हणतात. इथं लिहिताना आई म्हणते, कारण माझ्या नाती हे वाचतील तर त्यांना निदान एवढं मराठी कळावं. त्या मला सालमियाच्या या फ्लॅटमध्ये समोर बसून इंग्रजीतूनच उत्तरं देतात आणि मी मराठीतूनच विचारत राहते. मिश्र घरात वाढल्याचा एक फायदा असतो, दोन भाषा एकमेकींच्या अंगावरून निघून गेल्या तरी आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

अब्बा तरुणपणी बँकॉकला एका हिंदुस्थानी व्यापाऱ्याच्या तांदळाच्या पेढीवर कारकून होते. पेढीसमोरच्या पाण्यातून माझी आजी होडी वल्हवत यायची आणि दुपारचं जेवण विकायची. मागच्या बाजूला बसून आई केळीच्या पानात भात बांधून द्यायची. अब्बांना त्या भाताबरोबरच्या कालवणात नारळाचं दूध लागलं आणि आपल्या घरची आठवण झाली, असं ते सांगायचे. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. पेढी बंद झाली तेव्हा ते मला आणि आईला घेऊन कुवेतला आले, धान्य आयात करणाऱ्या एका गोदामावर. तांदळाच्या पोत्यात हात घालून नुसत्या वासावरून तो कुठल्या बंदरातून आलाय ते ते सांगायचे. बायको काय म्हणते आहे ते मात्र त्यांना समोरासमोर बसूनही कळायचं नाही.

आमचं घर हवल्लीत तळमजल्यावर होतं, दोन खोल्या आणि पुढे भिंत घातलेलं अंगण. अंगणाला सगळे हौश म्हणायचे. पाण्याची गाडी आली की तिचा भोंगा, घासलेटच्या स्टोव्हची घरघर, समोरच्या दुकानातला मोठ्यानं लावलेला रेडिओ, आणि दुपारी सगळं बंद झाल्यावर आईच्या खलबत्त्याचा टक टक टक असा एकसारखा आवाज, हे माझ्या लहानपणाचे आवाज. ती मिरच्या, लसूण, सुका जवळा सगळं एकत्र कुटायची. तिनं वासावरून ओळखलं होतं की अब्बांच्या गावचा जवळा आणि तिच्याकडची वाळवलेली कोळंबी एकाच घरची आहेत. मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून जवळ्याची पुडी आली की तिचा चेहरा उजळायचा. नारळ मिळेल तेव्हा ती दूध काढायची, चिंच घालायची, आणि मग अब्बांसाठी कोकम घालून तेच कालवण वेगळं करायची. तांदळाची भाकरीही ती शिकली, पण स्वतः भात चमच्यानंच खायची. अब्बा हातानं जेवायचे. मी एक घास हातानं आणि एक चमच्यानं, असं दोघांनाही राजी राखत वाढले.

भांडणं व्हायची. म्हणजे अब्बा भांडायचे. आईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही आणि अब्बांना राग यायचा तो नेमका याचाच. "काय झालंय?" ते विचारायचे. "काही नाही," ती म्हणायची. "मग तोंड का असं?" "काही नाही." चौथ्यांदा काही नाही आलं की ते चप्पल घालून बाहेर पडायचे. दुसरी गोष्ट तिच्या हो ची. कुणी काहीही म्हटलं की ती हो म्हणायची. पाहुण्यांनी म्हटलं शुक्रवारी आमच्याकडे या, ती म्हणणार हो, आणि शुक्रवारी ती घरात कपडे धूत असायची. अब्बा कपाळाला हात लावायचे. तिच्या हो चा अर्थ फक्त "ऐकलं" एवढाच आहे, हे मला फार लहानपणी समजलं होतं. पण मुलांना जे कळतं ते मोठ्यांना सांगायचं असतं हे मला कुठं ठाऊक होतं!

मी तेरा वर्षांची असताना माझी फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, गावाहून आमच्याकडे राहायला आली. ती विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं, आणि अब्बांना तिनंच वाढवलेलं. मुंबईहून बोटीनं आली ती कैऱ्यांचं लोणचं, फणसाच्या पोळ्या आणि आमच्याबद्दलची सगळी मतं बरोबर घेऊनच. पहिल्याच दिवशी तिनं अब्बांना आईला हाक मारताना ऐकलं.

"बायकोला लेक म्हणतंस?" ती ओरडली. "तौबा कर दाऊद, तौबा! नि ही पोर आयला मॅ म्हणते. शेळी हाय काय ती?"

त्या दिवसापासून अब्बा फुफीसमोर आईला मरियम म्हणू लागले. आईला ती हाक आपल्याला आहे हे कळायला प्रत्येक वेळी थोडा वेळ लागायचा. फुफी बसलेली असली की आई तिच्यासमोरून कमरेत वाकून, अगदी लहान होऊन जायची. तिच्याकडे वडीलधाऱ्यांपुढून असंच जातात. फुफी म्हणायची, "ही चोरावानी का चालते?" फुफी मायेनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली की आई नकळत दचकायची, कारण तिच्याकडे डोक्याला असा हात लावत नाहीत. फुफीला वाटायचं, माझा हात हिला विटाळ वाटतो. दोघीही आपापल्या परीनं मोठी अदब सांभाळत होत्या आणि दोघींनाही समोरची उर्मट वाटत होती. मी मधे बसून शाळेचा अभ्यास करायचे.

मग बरणीचं प्रकरण झालं. आईनं हौशाच्या कोपऱ्यात एका मोठ्या बरणीत बोटभर लांबीची चंदेरी मासळी मिठात घालून उन्हाला ठेवली होती. त्यातून जे पाणी सुटतं ते तिच्या सगळ्या स्वयंपाकाचा जीव. कुवेतच्या उन्हात ते छान पिकायचं, पण झाकण काढलं की वास गल्लीपर्यंत जायचा. फुफीनं नाकाला पदर लावून फर्मान काढलं, हे फेकायचं. अब्बांनाही भीती होती, कारण वरच्या मजल्यावर घरमालकाची म्हातारी आई, उम्म खलील, राहायची आणि ती तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध होती. एके सकाळी ती काळ्या पायघोळ अबायात जिना उतरून खरोखरच आली. "कसला वास हा?" तिनं विचारलं. अब्बांनी कसनुसं होऊन बरणी दाखवली. तिनं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं. मग ती आईकडे वळून भराभरा काहीतरी बोलायला लागली. तिचं माहेर इराणच्या किनाऱ्याचं. ती लहान असताना तिची आई असंच मासळीचं पाणी करायची, वर बडीशेप आणि मोहरी घालायची, त्याला महियावा म्हणतात, पण सुना आता करत नाहीत, असं अब्बांनी आम्हाला भाषांतर करून सांगितलं. जाताना ती वाटीभर घेऊन गेली आणि संध्याकाळी तिच्या घरून पातळ रोट्यांची चळत आली. फुफीनं नाकावरचा पदर सोडला. आई मात्र त्या दिवशी खलबत्ता कुटताना गुणगुणत होती. मला अजून त्या गुणगुणण्याचा अभिमान वाटतो, जशी काही मीच ती बरणी घातली होती.

त्यानंतर साधारण महिन्यानं गावाहून पत्र आलं. अब्बा गोदामावर होते. फुफीला वाचता येत नव्हतं, मी पत्र उघडलं. थोरले चुलते, फुफीच्या पाठचे आणि अब्बांच्या वरचे, तापानं गेले होते. पत्र यायलाच दहा-बारा दिवस लागलेले. ते फुफीला वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगितलं. तिनं हात धुतले, पदर नीट केला, बाहेर जाऊन फुफीच्या समोर जमिनीवर बसली, आणि हसून म्हणाली, "आपा, मोठा भाऊ गेला."

ते हसू मी कितीदा तरी पाहिलं होतं. ओठांवरचं, अगदी मऊ. माझा गुडघा फुटला तेव्हा, कालवण करपलं तेव्हा, अब्बा चप्पल घालून निघाले की त्यांच्या पाठीमागे. पण फुफीनं ते तिच्या भावाच्या मौतीवर पाहिलं.

"हसतंस?" फुफीचा आवाज चिरकला. "माजा भाव गेला नि तू हसतंस?"

संध्याकाळी अब्बा आले, रडले, आणि मग त्यांनी आईला सगळ्यांसमोर विचारलं, "तू हसलीस?"

"हो," आई म्हणाली.

या वेळी मात्र तिच्या हो चा अर्थ खरोखरच हो होता. तिनं दुसरं काही सांगितलं नाही. अब्बा तिच्याशी बोलेनासे झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला फुफी तेच सांगायची आणि बाया आईकडे अशा बघायच्या की मी चहाचे कप घेऊन बाहेर जायला लाजायचे. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. त्या दिवसांत मला आईची लाज वाटली. आईबद्दल लाज वाटली याची लाज मला नंतर आयुष्यभर पुरली.

त्याच दिवसांत फुफीनं ठरवलं की मला गावी न्यायचं. "पोरगी वयात येते. इथं ऱ्हायली तर मौतीला हसायला शिकंल," ती अब्बांना म्हणाली. गावात शाळा होती, चुलतबहिणी होत्या, वळण लागलं असतं. अब्बा भावाच्या दुःखात होते आणि थोरल्या बहिणीपुढे त्यांचं तसंही काही चालायचं नाही. त्यांनी मान डोलावली. आईला विचारलं, आई म्हणाली हो. मौतीच्या चाळिसाव्या दिवसानंतर दोन दिवसांनी बोट होती. माझी पत्र्याची पेटी बाहेर निघाली. आई तिच्यात माझे कपडे ठेवायची आणि थोड्या वेळानं काढून पुन्हा दोरीवर वाळत घालायची, जणू ते ओलेच होते. मी ते पाहत होते, तरी ती मला थांबवेल असं मला वाटलं नाही. मला वाटलं, हिनंही मला देऊन टाकलं.

चाळिसाव्याला घर भरलं. बाहेरच्या खोलीत पुरुष, हौशात बायका, मधे दाराला पडदा. सगळा स्वयंपाक आईनं एकटीनं केला होता, मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वाफवलेली सांदणं, आणि कुणालाही त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मयताच्या नावानं फातिहा पढून झाली, जेवणं झाली. चहाचा ट्रे घेऊन आई हौशात आली तेव्हा हमीदा खाला नावाच्या शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "मग रुकय्या परवा जाणार म्हणायची?"

"व्हय," फुफी म्हणाली. "तिच्या आयनंच हो म्हटलंय."

आईनं ट्रे खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली.

तिचं काही नाही मी रोज ऐकत आले होते, पण नुसतं नाही तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. फुफी म्हणाली, "नाय म्हंजे? तूच बोललीस ना हो?"

"हो म्हणजे ऐकला," आई म्हणाली. तिच्या भाषेत बाई-पुरुषाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, तिचं मराठीही तसंच होतं. "हो म्हणजे घेऊन जा, असं नाही. मुलगी माझा. मुलगी जाणार नाही."

"मौतीला हसणाऱ्या बाईकडं मी माज्या भावाची पोर ठेवू?"

आई पाय मागे दुमडून फुफीसमोर बसली. "आपा, मी हसला. खरं. तुमचा भाऊ गेला. तुम्ही रडणार, मला माहीत. मी पण रडला, तर तुम्ही मला सांभाळणार. तुमच्या दुःखावर माझा दुःख कशाला? म्हणून हसला. आमच्यात असं करतात."

"आमच्यात नाय करत असं."

"माहीत," आई म्हणाली. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझा आई गेला, तेव्हा पण मी हसला."

पुरुषांसाठी चहा न्यायला अब्बा पडद्याशी आले होते. त्यांनी पडदा बाजूला सारला. "कधी?" ते म्हणाले. "तुझी आई कधी गेली?"

"नू सहा वर्षांचा होता. चिठ्ठी आला. तू जेवत होता. मी म्हटला, दाऊद, माझा आई गेला. मी हसला, तुला दुःख नको. तू म्हटला, कुठे गेली, बाजारात?" आईनं हातानं डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडेच होते. "तू पण हसला. मग तू भात मागितला. मी वाढला."

अब्बा तिथंच उंबऱ्यावर बसले, सगळ्या बायकांसमोर. मला वाटतं त्यांना ती दुपार आठवली असावी. आठवलं असेल की जेवताना बायको काहीतरी म्हणाली होती, तिच्या मोडक्या मराठीची गंमत वाटली होती आणि भात चांगला झाला होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांना त्यापूर्वी आणि त्यानंतर कधीच तसं रडताना पाहिलं नाही, भावाच्या पत्रावरही नाही.

फुफी आईच्या जवळ सरकली. मग तिनं विचारलं, "सात वर्सं? सात वर्सं तू कुणाला सांगितलं नाय?"

"चिठ्ठी पेटीत आहे," आई म्हणाली.

फुफीनं मान वळवली. "दाऊद," ती म्हणाली, "तू माणूस हायस की धोंडा? बायकोची आय मेली नि तू भात मागतंस?" आणि थोड्या वेळानं, कुणाकडेही न बघता, "पोर इथंच ऱ्हाईल."

बस, एवढंच. माझ्या आयुष्याचं वळण म्हणजे फुफीचे हे तीन शब्द आणि त्याआधीचा आईचा एक नाही. मी हवल्लीतच राहिले, तिथल्या शाळेत शिकले, पुढे शिक्षिका झाले, आणि वर्गात मी रागावल्यावर एखादी मुलगी हसली तर तिला कधी उर्मट म्हटलं नाही.

फुफीनं स्वतःचं जाणंही पुढे ढकललं. पुढच्या शुक्रवारसाठी अब्बांनी ओळखीच्या घरोघरी जाऊन निरोप दिले. एका बुजुर्गानं विचारलं, ती बाई आपल्या दीन-धर्मातली नव्हती, तिच्या नावानं फातिहा कशी करणार? अब्बा म्हणाले, "फातिहा नाही म्हणत मी. माझ्या बायकोची आई गेली आहे. तुम्ही फक्त बसायला या." कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. तरीही शुक्रवारी पहाटे उठून त्यांनी स्वतःच्या हातानं हौश झाडला, सतरंज्या घातल्या, आणि तांदूळ निवडायला बसले. त्या दिवशी आईला स्टोव्हजवळ येऊ द्यायचं नाही अशी फुफीची आज्ञा होती.

आई आतून आली ती शोकाचं पांढरं पोलकं घालून. तिला मधे बसवलं. आधी हमीदा खाला आली, मग तिच्या दोन जावा, मग गल्लीतल्या बाकीच्या, ज्यांनी महिनाभर आईकडे तिरक्या नजरेनं पाहिलं होतं त्यासुद्धा. उम्म खलील जिना उतरून आली आणि आईचा हात हातात घेऊन बसली. ज्या बाईला कुणीच कधी पाहिलं नव्हतं, तिच्याबद्दल काय बोलणार? शेवटी फुफीनंच विचारलं, "अगो, तुजी आय करायची तरी काय?"

आईनं सांगायला सुरुवात केली. आधी तुटक, एकेक शब्द. तिची आई उभी राहून होडी वल्हवायची, एकाच वल्ह्यानं. होडीत चूल असायची, कालवण उकळतंच असायचं. एकदा मोठ्या बोटीच्या लाटेनं होडी उलटली, भांडी, भात, चूल सगळं पाण्यात गेलं, आणि आजी पाण्यावर आली ती डाव धरूनच, आणि ओरडली की मुलीला धरा, भात जाऊ दे. ती मुलगी म्हणजे आई. हमीदा खाला हसली, मग सगळ्या हसल्या, आईही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि ती मोठ्यानं रडली. बायका सरकून तिच्याजवळ आल्या. फुफीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. डोक्यावर नाही, पाठीवर. कुणी शिकवलं होतं तिला, मला माहीत नाही.

पडद्यापलीकडे अब्बा एकटेच बसून ऐकत होते. आईला इतकं बोलताना त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. तिनं कालवा सांगितला, पूर सांगितला, आजीच्या हातच्या गोडाची कृती सांगितली. मराठीत शब्द नाही सापडला की ती तिच्या भाषेत सांगायची आणि मी पुरा करायचे, आणि माझ्याकडे सगळ्या जणी अशा बघायच्या की मी ताठ बसले. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. बायका उठल्या, हातपाय धुऊन वजू करून रांगेनं आतल्या खोलीत नमाज पढल्या, आणि एकेक करून पुन्हा हौशात येऊन आपापल्या जागी बसल्या. "हं," फुफी म्हणाली, "मग पूर आला, नि तुज्या आयनं काय केलं?"